अंगणांत दाण्यापाण्यास येणारीं पांखरें व त्यांची ओळख

बी मातींत पडल्या दिवसापासून रास घरांत येईपर्यंत शेतकऱ्याची आणि पांखरांची गांठ रोज पडत असते. असें असतांहि आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांतील पांखरांच्या खातेवहींत दोनच खातीं असतात. एक पीक खाणाऱ्यांचें व दुसरें बाकीच्यांचें. पहिल्या खात्यांत ज्याचें नांव एकदां चढलें, त्याच्या वांट्यास गोफणीचा धोंडा येतो, क्वचित् फास येतो, आणि कोठें कोठें विषारी औषध लावलेला दाणाहि येतो. जमिनीचा साधा वाद निघाला तरी मोजणी व चतुःसीमा पाहिल्याशिवाय निकाल देत नाहींत. मग ज्या जीवाचें नांव, रूप व वर्षभराचा व्यवहार आपणांस ठाऊक नाहीं, त्यास चोर ठरवून शिक्षा देणें कितपत रास्त? पांखरें कशीं ओळखावीं हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. त्याचा हेतु केवळ मनोरंजनाचा नसून, शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

हा अभ्यास शेतांत करणें कठीण. शेतांत माणूस दिसतांच पांखरूं उठतें, व उडत्या पांखराची ओळख अनुभवी माणसासहि चुकविते. अंगणांत मात्र पाण्याचें एक परळ व मूठभर दाणा नेमानें ठेविला, तर आठ-पंधरा दिवसांत तींच पांखरें ठराविक वेळीं आठ-दहा हातांवर येऊन बसूं लागतात. म्हणून अंगण हीच या विद्येची पहिली शाळा होय.

आपल्या मुलखांतील पांखरांची शास्त्रीय पाहणी नवी नाहीं. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें त्या काळीं, म्हणजे १९३१-३२ च्या सुमारास, त्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी सालिम अली (१८९६–१९८७) यांनीं केली, व तिचा वृत्तान्त मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाला. ही सोसायटी १८८३ सालची आहे. मराठी नांवांची अडचण वन खात्यांतील अधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोश’ या ग्रंथानें पुष्कळ दूर केली आहे. तथापि एकाच पांखरास भोकरदनकडे एक नांव व घनसावंगीकडे दुसरें असें चालतेंच. म्हणून नांवापेक्षां खुणांवर अधिक भर द्यावा हें बरें.

दाणापाणी कसें ठेवावें

पाण्यासाठीं मातीचें उथळ परळ घ्यावें. पाणी दोन ते चार बोटांहून खोल नसावें व त्यांत एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पांखरास त्यावर उभें राहून पितां येतें. परळ रोज घांसून पाणी बदलावें. सांचलेल्या पाण्यांत आठवड्याभरांत डास तयार होतात आणि घाण पाण्यानें एका पांखराचा रोग दुसऱ्यास लागतो. परळ झाडाच्या सांवलींत असावें, परंतु दाट झुडपापासून सात-आठ हात दूर असावें, म्हणजे दबा धरून बसलेल्या मांजरास एका उडींत तेथवर येतां येणार नाहीं. चैत्र-वैशाखांत, जेव्हां आपल्या जिल्ह्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां दाण्यापेक्षां पाण्याचीच गरज अधिक असते.

दाणा म्हणून बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी, राळा हीं धान्यें चांगलीं. एका घरास एक ओंजळ पुरे. सायंकाळीं उरलेला दाणा झाडून काढावा, नाहींतर रात्रीं उंदीर-घुशी येतात. मीठ-मसाल्याचें अन्न, फरसाण, शिळी तेलकट भाजी ठेवूं नये. आणखी एक गोष्ट विशेष लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. जालना हें बियाण्याच्या धंद्याचें नामांकित ठिकाण असून पेरणीनंतर पिशवींत उरलेलें बियाणें पुष्कळांच्या घरीं पडलेलें असतें. हें लाल, निळें किंवा हिरवें दिसणारें बियाणें कीटकनाशक व बुरशीनाशक औषधांनीं माखलेलें असतें. तें अंगणांत टाकणें म्हणजे पांखरांस विष घालणें होय. कोंबड्यांसहि तें तितकेंच घातक. असें उरलेलें बियाणें मुलें, गुरें व पांखरें यांच्या हातीं लागणार नाहीं अशा बेतानें, विहीर-नाल्यापासून दूर, खोल पुरून टाकावें.

अंगणांत दाणा टाकल्यानें शेतांत पांखरें वाढतील, अशी शंका कित्येक घेतात. दहा-वीस चिमण्यांच्या मूठभर दाण्यानें शिवारांतील थवे वाढत नाहींत. तरीहि परळ घरालगत ठेवावें. बीजोत्पादनाच्या तुकड्याच्या बांधावर ठेवूं नये, एवढें पथ्य पुरेसें आहे.

ओळखीची चतुःसीमा

सर्व्हे नंबरास जशा चार बाजू, तशा पांखराच्या ओळखीसहि चार बाजू मानाव्या. पहिली बाजू आकाराची. यासाठीं चिमणी, साळुंकी, पारवा आणि कावळा हीं चार मापें मनांत पक्कीं करावीं, व नवें पांखरूं दिसतांच तें चिमणीएवढें आहे, साळुंकीहून लहान आहे, कीं पारव्याहून मोठें आहे, हें आधीं ठरवावें. दुसरी बाजू चोंचीची. आंखूड, जाड व शंकूसारखी चोंच दाणा फोडणाऱ्याची. बारीक व सरळ चोंच किडे टिपणाऱ्याची. टोंकाशीं वांकलेली व अणकुचीदार चोंच मांस तोडणाऱ्याची. पांखरूं काय खातें याची निम्मी साक्ष चोंचच देते. तिसरी बाजू शेपटीची व चालीची. शेपटी आंखूड आहे कीं लांब, दुभंगलेली आहे कीं टोंकदार, उभी कीं पडती. पांखरूं चिमणीप्रमाणें दोन्ही पायांनीं उड्या मारतें कीं साळुंकीप्रमाणें पाऊल टाकीत चालतें, हें पाहावें. चवथी बाजू रंगाच्या खुणेची. सबंध रंग पाहण्यापेक्षां खूण कोठें आहे हें पाहावें. गळ्यावर, भुवईवर, मानेच्या मागें, पंखावर, कीं शेपटीखालीं.

रंग मुद्दामच शेवटीं घेतला आहे. सकाळच्या तिरप्या उन्हांत, धुळींत व पावसांत रंग फसवितो. शिवाय नर, मादी व पिलूं यांचे रंग पुष्कळदां निरनिराळे असतात. आकार, चोंच व चाल सहसा फसवीत नाहींत. या चार बाजूंस दोन शेरे जोडावे. महिना कोणता, आणि पांखरूं एकटें होतें, जोडीनें होतें कीं थव्यानें. एवढें लिहिलें असतां दहांपैकीं आठ वेळां ओळख पटते.

चिमणी व चिमणीसारखीं दिसणारीं

चिमणी सर्वांस ठाऊक आहे असें आपण समजतों. परंतु परळावर ‘चिमण्या’ म्हणून जीं पांखरें बसतात त्यांत चार-पांच जाती मिसळलेल्या असतात. खऱ्या घरचिमणीच्या नराचा माथा राखी व गळा काळा असतो. मादी मळकट तपकिरी असून तिच्या डोळ्यामागें फिकट रेघ असते. मोठ्या शहरांत ती कमी झाली असली तरी देशाचा एकंदर विचार करतां तिची संख्या बरीचशी टिकून आहे, असें २०२० सालच्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितिवृत्तान्तांत नमूद आहे. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात.

हिच्याच मापाची, राखट अंगाची व साध्या रूपाची दुसरी एक चिमणी बाभळी-लिंबाच्या झाडांतून अंगणांत उतरते. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो व नराच्या खांद्यावर तांबूस डाग असतो. ही पीतकंठी चिमणी अथवा रानचिमणी होय. ती झाडाच्या ढोलींत घरटें करते. सुमारें १९०८ सालीं लहानग्या सालिम अलींनीं हवेच्या बंदुकीनें अशीच एक चिमणी मारली. गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून ही नेहमींची चिमणी नव्हे असें त्यांस वाटलें, आणि मामांच्या सांगण्यावरून ते ती घेऊन वर उल्लेखिलेल्या सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे गेले. मिलर्ड यांनीं जात सांगितली व संग्रहांतील पेंढा भरलेले पक्षी त्या मुलास दाखविले. त्या एका ठिपक्यानें देशास पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. खूण लहान असली तरी तिचें मोल लहान नसतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं.

तिसरी सुगरण. हिचा पिवळा नर पावसाळ्यांतच ओळखूं येतो. माथा व छाती पिवळी, गाल व गळा गडद तपकिरी. पावसाळा सरला कीं नर व मादी दोघेंहि चिमणीच्या मादीसारखीं दिसतात, आणि येथेंच घोटाळा होतो. अशा वेळीं पाठीवरच्या गडद रेघा, आंखूड शेपटी, फार जाड चोंच व पिवळसर भुवई पाहावी. विहिरीवर झुकलेल्या बाभळीस टांगलेलीं घरटीं हिचीं. नांव सुगरण असलें तरी विणकाम नर करतो. सालिम अलींनीं १९३० सालीं अलिबागजवळ किहीम येथें बारकाईनें पाहून असें दाखविलें कीं, नर घरटें अर्धवट विणून ठेवतो, मादी तें पाहून पसंत करते, मग तो तें पुरें करतो व लगेच दुसरें घरटें विणावयास लागतो.

चवथ्या मुनिया. या चिमणीहून लहान असून पांच-पंचविसांच्या थव्यानें येतात. पांढऱ्या कंठाच्या मुनियेची पाठ फिकट तपकिरी, पोट पांढुरकें, चोंच रुपेरी-निळसर व शेपटी काळी, टोंकदार असते. सुगरणीचीं टाकलेलीं घरटीं ती सर्रास वापरते. ठिपकेवाल्या मुनियेचें डोकें व पाठ तांबूस-तपकिरी असून पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते. दोघींचा मुख्य आहार गवताचें बी हाच आहे. बांधावरचें गवत बीं धरूं लागलें कीं त्या परळ सोडून तिकडे जातात.

आतां या मंडळींच्या खात्याचा हिशेब पाहूं. चिमणी व सुगरण दाणा खातात, बाजरीच्या कणसांवर सुगरणींचे थवे उतरून नुकसान करितात, हें निर्विवाद आहे. परंतु याच दोघी आपल्या पिलांस पहिले दिवस अळ्या व किडे भरवितात; कोवळ्या पिलांस दाणा पचत नाहीं. म्हणजे पीक वाढीस असतां या आपली निंदणी करणाऱ्या मजुरासारख्या, व कणीस भरल्यावर वांटा मागणाऱ्या. वांटा नाकारावा, पण मजुरी विसरूं नये. १९५८ सालीं चीन देशांत उंदीर, माशा व डास यांच्याबरोबर चिमणीसहि शत्रु ठरवून तिच्या संहाराची देशभर मोहीम काढण्यांत आली. चिमण्या नाहींशा होतांच किडींचा उपद्रव वाढला, आणि १९६० सालीं शत्रूंच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेकणाचें नांव घालावें लागलें. त्या वर्षांत तेथें जो भयंकर दुष्काळ पडला त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु न ओळखतां दिलेल्या या शिक्षेची गणना त्यांत होते.

होले, पारवे व पोपट

पारवा राखी, मानेवर हिरवट-जांभळी झांक व पंखावर दोन काळे पट्टे. होले त्याहून सडपातळ. मानेच्या मागें काळी अर्धी कडी असलेला फिकट राखी होला तो कंठेरी. मानेच्या दोन्ही बाजूंस काळ्या ठिपक्यांची चौकट असलेला, लहान व तांबूस-तपकिरी तो छोटा होला. आणि मानेच्या मागें काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा व पाठीवरहि ठिपके असलेला तो ठिपकेवाला होला. या सर्वांची आणखी एक खूण परळावरच दिसते. बाकीचीं पांखरें घोट घेऊन मान वर करितात; पारवे व होले चोंच पाण्यांत ठेवूनच गुरांप्रमाणें पाणी ओढून पितात.

हे पक्षी जवळ जवळ केवळ दाण्यावर जगतात. पिलांसहि ते किडे न देतां, गळ्याखालील अन्नाच्या पिशवींत तयार होणारा दुधासारखा रस भरवितात. म्हणून किडींच्या बंदोबस्ताचें श्रेय यांस देतां येत नाहीं. तथापि ते बहुधा जमिनीवर सांडलेला दाणा व तणांचें बी वेंचतात. उभ्या कणसावर लोंबकळून खाण्याची यांची रीत नव्हे. नुकसान होतें तें मुख्यतः पेरणीच्या वेळीं उघड्या राहिलेल्या बियाण्याचें व खळ्यांतील राशीचें. बी नीट झांकलें जाईल अशी पेरणी केली तर यांच्याशीं भांडण उरत नाहीं.

पोपटाची गोष्ट निराळी. मका, ज्वारी, सूर्यफूल, पेरू, डाळिंब यांवर त्याची धाड येते, आणि तो खातो त्याहून अधिक पाडतो. नराच्या गळ्याभोंवतीं काळी-गुलाबी कंठी असते. कंठी नसलेला पोपट मादीच असेल असें मात्र नाहीं, कारण तरुण नरासहि पहिलीं दोन-अडीच वर्षें ती नसते. मराठवाड्यांत कोठें कोठें लालसर-जांभळ्या डोक्याचा, पिवळ्या चोंचीचा लहान पोपटहि दिसतो. ती निराळी जात आहे. यांपैकीं कोणताहि देशी पोपट पिंजऱ्यांत पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. हौसेनें पिंजरा टांगणाऱ्या पुष्कळ प्रतिष्ठित घरांस हें ठाऊक नसतें, म्हणून येथें मुद्दाम लिहिलें आहे.

साळुंकी, भांगपाडी व भोरडी

हा गट शेतकऱ्यानें सर्वांत काळजीनें ओळखावा, कारण येथें चुकीच्या निवाड्याची किंमत मोठी आहे. साळुंकी तपकिरी, डोकें काळसर, चोंच, पाय व डोळ्यामागील कातडी पिवळी, आणि उडतांना पंखांत पांढरा डाग. नांगरामागें चालत ती उघडे पडलेले किडे वेंचते, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. हिच्या या गुणाची कीर्ति इतकी जुनी कीं, १७६२ सालीं मॉरिशस बेटांत टोळांच्या बंदोबस्तासाठीं भारतांतून साळुंक्या नेल्या गेल्या. भांगपाडी मैना साळुंकीहून किंचित् लहान, अंग तांबूस-पिवळसर, माथ्यावर काळे लांब केंस मागें वळवून बसविल्यासारखे. ती जोडीनें येते, परळांतील पाण्यांत स्नान करते, किडे, फळें व फुलांतील मध खाते.

भोरडी ही पाहुणी. हिचीं विणीचीं ठिकाणें पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत आहेत. श्रावण-भाद्रपदापासून ती आपल्याकडे येऊं लागते व चैत्राच्या सुमारास परत जाते. पूर्ण वाढलेल्या भोरडीचें अंग गुलाबी, आणि डोकें, पंख व शेपटी काळी असते. डोक्यावर तुरा असतो. त्या वर्षींचीं पिलें मात्र मळकट तपकिरी व फिकट चोंचीचीं असतात, म्हणून लोक त्यांस साळुंक्याच समजतात. खूण साधी आहे; पंखांत पांढरा डाग नाहीं व डोळ्याभोंवतीं पिवळी कातडी नाहीं तर ती साळुंकी नव्हे. मोठा थवा, एकदम उठणारा व एकदम वळणारा, दिसला तर भोरड्या समजाव्या.

रब्बीच्या ज्वारीच्या दाण्यांत चीक भरूं लागतांच भोरड्यांचे थवे पिकावर उतरतात, व राखण नसलेला तुकडा कांहीं दिवसांत मोकळा करितात. एवढ्यापुरता शेतकऱ्याचा राग खरा आहे. परंतु हीच भोरडी आपल्या विणीच्या मुलखांत टोळ व नाकतोडे यांवर पिलें वाढविते. चीनच्या शिनजियांग प्रांतांत तर तिनें वस्तीस यावें म्हणून सरकारी खर्चानें दगडांचे ढीग व घरट्यांच्या जागा रचून ठेवतात. आपल्याकडेहि ज्वारी तयार होईपर्यंतचे महिने ती माळरानांत व गवतांत किडे, नाकतोडे, आणि वड-पिंपळाचीं फळें यांवर काढते. तेव्हां भोरडीचा निवाडा सबंध वर्षाचा एकच करतां येत नाहीं. तो महिन्यागणिक करावा लागतो. माघांत तिला हाकलावें, भाद्रपदांत तिच्या वाटेस जाऊं नये.

दाण्यास न शिवणारे

परळाजवळ येणारीं पुष्कळ पांखरें दाण्यासाठीं येत नाहींत. कोतवाल सर्वांग काळा व दुभंगलेल्या लांब शेपटीचा. तो तारेवर किंवा गुराच्या पाठीवर बसून उडते किडे टिपतो. कोतवाल हा गांवचा राखणदार, आणि हें पांखरूंहि नांवास जागतें. आपल्या घरट्याजवळून कावळा व शिक्रा यांस तें हुसकून लावतें, त्यामुळें इतर लहान पांखरें त्याच्या आश्रयास घरटीं करितात. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठीं ‘टी’ अक्षराच्या आकाराचे जे पक्षिथांबे हेक्टरीं सुमारें ५० रोवावयास सांगतात, ते मुख्यतः कोतवाल व साळुंकी यांच्याच बसण्यासाठीं होत. ज्वारींत मात्र दाणा भरूं लागतांच हे थांबे काढून घ्यावे, नाहींतर दाणा खाणारीं पांखरें त्यांवर बसूं लागतात.

चीरक चिमणीहून थोडा मोठा, काळसर, उभारलेल्या शेपटीखालीं तांबूस. दयाळ त्याहून मोठा, काळा-पांढरा, पोट स्वच्छ पांढरें. दोघेहि जमिनीवरचे किडे खातात. बुलबुलाचें डोकें काळें, तुरेदार व शेपटीखालीं लाल डाग. तो किडे खातो, पण द्राक्षें व पेरू पिकले कीं त्यांसहि चोंच मारतो, म्हणून बागाइतदारानें घडांवर जाळी घालावी. सातभाई राखट, विस्कटलेल्या पिसांचे, सदा घोळक्यानें व सदा कलकलाट करीत पालापाचोळा उलटणारे. यांतील ज्यांच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात ते मोठे राखी सातभाई होत.

सातभाईंच्याच घरट्यांत पावशा आपलें अंडें टाकतो. ‘पेरते व्हा’ म्हणून ज्याचा आवाज आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों, तो हा पावशा. परंतु त्यास डोळ्यांनीं ओळखणारे थोडे. रूपानें तो हुबेहूब शिक्ऱ्यासारखा, पाठ राखी व शेपटीवर पट्टे. अंगणांत तो येतांच चिमण्या शिक्रा समजून पळतात, आणि ससाणा आला म्हणून कित्येक माणसेंहि धोंडा उचलतात. चोंच पाहावी. शिक्ऱ्याची आंखूड व आंकड्यासारखी वांकलेली, नखें बळकट. पावशाची चोंच तशी नाहीं, पायहि दुबळे. पावशा केसाळ अळ्या खातो, ज्यांस इतर पांखरें सहसा शिवत नाहींत. आपणांस पेरणीची वर्दी देणाऱ्यासच आपण धोंडा मारावा, यापरता ओळखीच्या अभावाचा दाखला कोणता? खऱ्या शिक्ऱ्यानेंहि एखादी चिमणी नेली तर हळहळ वाटते. परंतु तो उंदीर व सरडेहि नेतो, हें विसरूं नये.

रात्रीं अंगणाच्या भिंतीवर जें पांढऱ्या, बदामी तोंडाचें घुबड येतें, तें गव्हाणी घुबड. तें दाण्यासाठीं नव्हे, दाण्यावर येणाऱ्या उंदरांसाठीं येतें. त्यास अपशकुनी म्हणून मारणारा शेतकरी आपल्या कणगीचा बिनपगारी राखणदार मारतो.

ओळखीचा उपयोग

ओळख पटली कीं उपायहि नेमका करतां येतो. होल्यांसाठीं बी झांकावें, बुलबुलासाठीं जाळी, भोरडी, सुगरण व पोपट यांसाठीं दाणा चिकांत असल्यापासून सोंगणीपर्यंत राखण. राखण दिवसभर करण्याची जरूरी नाहीं. सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास व सूर्यास्तापूर्वींचे दोन तास हीच त्यांची खाण्याची वेळ असते. लाल-रुपेरी चमकती फीत पिकावर ताणून बांधल्यानें कांहीं दिवस उपयोग होतो, पण पांखरांस तिची संवय होते. म्हणून फीत, डबे व गोफणीचा आवाज आलटून पालटून वापरावे. सर्वांत मोठा उपाय शिवाराच्या एकोप्याचा आहे. कपाशी व सोयाबीनच्या शिवारांत एकट्यानेंच ज्वारीचा तुकडा ठेविला तर सारे थवे तेथेंच उतरतात; दहा जणांनीं मिळून लगतच्या नंबरांत एकाच आठवड्यांत पेरली, तर तेंच नुकसान दहांत वांटलें जातें व राखणीचा खर्चहि वांटला जातो.

विषाचा मार्ग मात्र सर्वथा वर्ज्य समजावा. विषाचा दाणा खाणारा कोण, हें दाणा विचारीत नाहीं. भोरडीसाठीं टाकलेल्या दाण्यानें मोर मरतो, तित्तर मरतो, साळुंकी मरते, मेलेलें पांखरूं खाणारें कुत्रें व घारहि मरते. मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीपूर्वीं व नंतरहि त्याच्या हत्येस तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड अशी शिक्षा ठेविलेली आहे. मोर मारावयाचा नव्हता, ही सबब पंचनाम्यांत लिहिली जाईल; पण तेवढ्यानें सुटका होईलच असें कोणीं समजूं नये.

नोंदवही

शेवटीं एक सूचना. घरांत एक शंभर पानी वही घालावी. तिचे रकाने असे असावे. तारीख, वेळ, हवा, पांखराचें माप, चोंच, शेपटी व चाल, खूण, संख्या, काय खात होतें, आणि शेवटीं नांव. नांव न सांपडल्यास तो रकाना कोरा ठेवावा, अंदाजानें भरूं नये. पुढें केव्हां तरी तो भरतां येतो. शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडे हें काम सोंपविल्यास त्यांच्या डोळ्यांस वळण लागतें. हल्लीं मोबाइलवर आवाज ऐकून पांखराचें नांव सुचविणारे उपयोजन मिळतें, व ‘ईबर्ड’ नांवाच्या जागतिक नोंदवहींत आपल्या गांवचीं पांखरें लिहितां येतात; दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस परसांतील पांखरांची गणना जगभर होते, तींतहि भाग घेतां येतो. २०२३ सालीं भारतीय पक्ष्यांच्या ९४२ जातींची जी स्थिति प्रसिद्ध झाली, ती अशाच हजारों सामान्य माणसांच्या नोंदींवरून काढलेली होती. मात्र यंत्रानें सुचविलेलें नांव चतुःसीमेशीं ताडून पाहिल्याशिवाय वहींत चढवूं नये.

दोन वर्षें अशी वही चालविली म्हणजे भोरडी आपल्या शिवारांत कोणत्या आठवड्यांत उतरते, सुगरण कधीं पिवळी होते, पावशा मृगाच्या आधीं किती दिवस बोलूं लागतो, हें ज्याचें त्यास आपल्याच गांवच्या दाखल्यानें सांगतां येईल. राखणीचे मजूर कधीं लावावे व थांबे कधीं काढावे, याचा हिशेब त्यांतूनच निघतो. पंचक्रोशींतील पांच-सहा वह्या एकत्र ठेवून पाहिल्या, तर पेरणीची तारीख सर्वांनीं मिळून ठरविण्याच्या कामींहि त्यांचा उपयोग होईल. शेतकरी बंधूंनीं येत्या पाडव्यापासून आपल्या अंगणांत एक परळ व घरांत एक वही ठेवावी, अशी त्यांस विनंति आहे.